दिल्लीच्या यार्डातली गाडी नाशिकला आणताना: ऑनलाइन लिलावातून लांबची जुनी गाडी कशी घ्यावी

मी ऑनलाइन लिलावातून आजवर दोन गाड्या घेतल्या, दोन्ही दिल्ली भागातल्या. पहिलीचं आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, माझ्या नावावर व्हायला अकरा महिने लागले, दुसरीचं दोन महिन्यांत झालं. इंजिनाला, बॉडीला दोन्ही गाड्या चांगल्याच होत्या. फरक पडला तो बोली लावण्याआधीच्या आठवड्यात मी काय विचारलं आणि काय विचारायचं राहून गेलं, याचा. म्हणून हा लेख निम्म्याहून जास्त बोलीच्या आधीच्या कामांवर आहे. खरेदी तिथेच पक्की होते किंवा तिथेच फसते.

तिथे स्वस्त का मिळते

दहा वर्षांवरची डिझेल आणि पंधरा वर्षांवरची पेट्रोल वाहनं दिल्ली-एनसीआरमध्ये चालवायची नाहीत, असे आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१४-१५ मध्ये दिले. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. २०२५ मध्ये न्यायालयाने कारवाईला काहीसा आवर घातला, पण गिऱ्हाइकाच्या मनातली धास्ती काही गेली नाही. सात-आठ वर्षांच्या डिझेल गाडीला तिकडे घेणारा सहज मिळत नाही. आपल्याकडे त्याच गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे फिटनेस तपासून वाढवताही येते. भावातला फरक येतो तो इथून.

पण म्हणून दहा वर्षं ओलांडलेली डिझेल गाडी तिकडून उचलायला जाऊ नका. नियम बदलत राहतात आणि गाडी दुसऱ्या राज्यात न्यायला लागणाऱ्या ना हरकत प्रमाणपत्रावरच काम अडू शकतं. माझी मर्यादा आठ वर्षांची. त्यापुढची गाडी कितीही चकचकीत दिसली तरी मी सोडून देतो.

विकणारा कोण, हे आधी ओळखा

लिलावाच्या यादीत सगळ्या गाड्या शेजारी शेजारी दिसतात, पण त्यांच्यामागचा मालक वेगवेगळा असतो आणि सगळं त्यावर ठरतं.

सर्वांत जास्त गाड्या असतात हप्ते थकले म्हणून बँकांनी आणि फायनान्स कंपन्यांनी ओढून आणलेल्या. श्रीराम ऑटोमॉलसारख्या कंपन्या त्यांचे लिलाव करतात. दुसरा गट सरकारी वाहनांचा; ती बहुधा एमएसटीसी या केंद्र सरकारच्या कंपनीच्या पोर्टलवर येतात. तिथे एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण होत नाही. अशी गाडी फक्त भंगारात काढण्यासाठी असते, ती रस्त्यावर आणता येत नाही.

तिसरा गट विमा कंपन्यांचा. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या घोषित किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की गाडी 'टोटल लॉस' धरली जाते आणि तिचा सांगाडा लिलावात येतो. फोटोत एकच दार चेपलेलं दिसतं. छत पेलणारा पिलर सरकलेला असतो, एअरबॅग फुटलेल्या असतात. ज्याचं स्वतःचं गॅरेज नाही त्याने या गटाकडे वळूच नये, असं माझं ठाम मत आहे.

घरासाठी एकच गाडी घ्यायची असेल तर बँकेने ओढलेली गाडी बरी. पुढे मी तिच्याबद्दलच लिहितो.

आरसी कुणाच्या नावावर आहे?

पहिल्या गाडीच्या वेळी मी हा प्रश्न विचारला नव्हता. बँक विकते आहे म्हणजे गाडी बँकेच्या नावावर असणार, असं धरून चाललो. तसं नसतं. गाडी ओढून आणली तरी आरसीवर कर्जदाराचंच नाव राहतं, बँकेचा फक्त बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, असते. बँकेकडे कर्जाच्या वेळी घेतलेले, कर्जदाराच्या सहीचे हस्तांतरणाचे कोरे फॉर्म २९ आणि ३० असतात आणि तेच ती तुमच्या हातात ठेवते. मला मिळालेल्या फॉर्मवरची सही सहा वर्षांपूर्वीची होती. तिकडच्या आरटीओत ती जुळेना आणि कर्जदाराचा तर पत्ताच नाही. शेवटी त्या फायनान्स कंपनीने कायद्याने दिलेला रस्ता धरला, फॉर्म ३६ भरून आधी स्वतःच्या नावाचं नवं आरसी काढलं आणि मग माझ्या नावावर केलं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५१ मध्ये हा रस्ता पहिल्यापासून लिहिलेला आहे. अकरा महिने त्यातच गेले. तेवढे दिवस गाडी माझ्या अंगणात झाकून उभी होती.

म्हणून आता बोली लावण्याआधी विक्रेत्याला ईमेल करतो आणि उत्तरही ईमेलनेच मागतो. आरसी कुणाच्या नावावर आहे? मूळ आरसी हातात आहे की डुप्लिकेट काढावं लागेल? बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि ना हरकत प्रमाणपत्राचं काम कोण करणार, किती दिवसांत? कर्जदाराने कुठे दावा लावला आहे का, आणि पुढे लावला तर जबाबदारी कुणाची? फोनवर 'हो जाएगा सर' म्हणणारे खूप भेटतात, त्या शब्दावर पैसे भरू नका. दोन दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर ती गाडी माझ्यापुरती संपली.

बाकीची तपासणी घरबसल्या होते. परिवहन सेवा पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, कितवा मालक, इंधन, विमा आणि पीयूसीची मुदत, बोजा आणि आरसीची स्थिती दिसते. स्थिती 'ॲक्टिव्ह'च हवी. ई-चलनं स्वतंत्र बघा. दिल्लीच्या गाड्यांवर वेगमर्यादेच्या कॅमेऱ्याची दहा-दहा चलनं निघतात आणि ती मिटल्याशिवाय पुढचं काम हलत नाही. गाडी चोरीची नाही ना, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' सेवेत इंजिन आणि चेसिस नंबर टाकून कळतं. तो दाखला ना हरकतीच्या वेळीही लागतो, म्हणून आधीच काढून ठेवा.

गाडी कुणीतरी हाताने चाचपलीच पाहिजे

लिलावातली गाडी 'जशी आहे, जिथे आहे' या अटीवर विकली जाते. नंतर तक्रारीला जागा नसते. यादीतले वीस फोटो आणि पाचपैकी साडेतीन गुण म्हणजे तपासणी नव्हे. पाहणीसाठी दोन-तीन दिवस दिलेले असतात, त्या दिवसांत आपला माणूस यार्डात उभा असलाच पाहिजे. नातेवाईक नसेल तर तिथल्याच एखाद्या मेकॅनिकला हजार-दोन हजार देऊन पाठवा. तेवढेही खर्च करायची तयारी नसेल तर लांबची गाडी घेऊच नये.

माझा मावसभाऊ गुरुग्रामला असतो. दुसऱ्या वेळी मी तीन गाड्या निवडल्या होत्या, तो एका मेकॅनिकला घेऊन गेला आणि व्हिडिओ कॉल लावला. पहिली गाडी, पांढरी, फोटोत आरशासारखी. मी म्हटलं, मागचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढ. तो ओढत गेला आणि थांबला. "दादा, शेवटची वीतभर पट्टी वेगळ्याच रंगाची आहे." कॅमेरा जवळ नेला तर करड्या पट्ट्यावर मातकट रेघ, आणि तिच्याखाली विणीत अडकलेली बारीक रेती. गाडी धुणारा पट्टा बाहेर दिसतो तेवढाच धुतो. मग त्याने डिकीचं पुठ्ठं उचललं, स्टेपनी काढली. खालच्या खोबणीत वाळलेला गाळ बोटाने खरवडून निघत होता, आणि सीटखालचे बोल्ट तांबूस. १३ जुलै २०२३ ला दिल्लीत यमुना २०८.६६ मीटरवर गेली होती, काठच्या वस्त्यांमधल्या गाड्या पाण्यात होत्या. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ मध्ये चिपळूणला ज्यांनी आपल्या गाड्या चिखलातून काढल्या, त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. पुरातली गाडी आज सुरू होते आणि वर्षभरात वायरिंगचा एकेक जोड सोडत जाते.

अपघात ओळखायला बॉनेटच्या बिजागऱ्यांचे आणि मडगार्डचे बोल्ट बघायला सांगा. कंपनीतून आलेल्या बोल्टवरचा रंग अखंड असतो, पाना लागलेला असेल तर कडा उडालेल्या दिसतात. सगळ्या काचांवरचा वर्षाचा आकडा साधारण एकच हवा. टायरवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. तीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचे चारही टायर बदललेले असतील तर मीटरवर भरवसा ठेवू नका. चेसिस नंबर दारावरच्या पट्टीवर, बॉडीवर कोरलेला आणि आरसीवर, तिन्हीकडे अक्षरनअक्षर जुळवा. सुरुवातीच्या तीन अक्षरांवरून कंपनी कळते: एमए३ मारुती, एमएएल ह्युंदाई, एमएटी टाटा, एमए१ महिंद्रा.

इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगा. यार्डात महिनोन्महिने उभ्या गाडीची बॅटरी बसलेली असते, म्हणून मेकॅनिकने जंपर केबल सोबत न्यावी. चालवून बघायला बहुतेक ठिकाणी देत नाहीत, जागेवर सुरू करू देतात. तेवढ्यातही खूप कळतं. ऑइल भरायच्या टोपणाखाली दुधाळ साय जमली असेल तर पाणी आणि ऑइल मिसळल्याची शंका घ्या. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदलेले बिघाड वाचणारं यंत्र, लावून जुने फॉल्ट कोड वाचून घ्या. आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नंबर सांगून शेवटची सर्व्हिसिंग कधी आणि किती किलोमीटरला झाली, ते विचारा. मीटर मागे फिरवला असेल तर इथे पकडला जातो.

किती बोली लावायची, हे उलट्या हिशेबाने काढा

मूळ भावावरून वर चढत जाऊ नका. आपल्या गावात तीच गाडी कितीला मिळते तिथून सुरुवात करा आणि एकेक खर्च वजा करत खाली या. एक नमुना देतो. आकडे तुमच्या गाडीप्रमाणे बदलतील.

नाशिकमध्ये अशीच गाडी ५,५०,००० रुपयांना मिळते असं समजा. लिलाव कंपनीचं सेवाशुल्क ११,०००, यार्डाचं भाडं ३,०००, वाहतूक १८,०००, महाराष्ट्राचा कर ५५,०००, दोन्हीकडची आरटीओची कामं ६,०००, विमा १४,०००, नवी नंबरप्लेट आणि फास्टॅग १,५००, पाहणी आणि एक फेरी ८,०००. बॅटरी, ब्रेक, दोन टायर आणि पूर्ण सर्व्हिसिंग मिळून ४५,०००. बेरीज १,६१,५००. उरले ३,८८,५००. यातून किमान ४०,००० तरी वाचले पाहिजेत, नाहीतर एवढी यातायात कशाला? म्हणजे माझी शेवटची बोली ३,४८,०००.

यातला मोठा आणि बहुतेकांच्या लक्षात न येणारा आकडा कराचा. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या खासगी गाडीला नवीन असताना पेट्रोलसाठी ११ आणि डिझेलसाठी १३ टक्के एकरकमी कर लागतो. बाहेरून आलेल्या गाडीला वयाप्रमाणे तो कमी होतो, पण धरला जातो मूळ बिलाच्या किमतीवर, तुमच्या बोलीवर नाही. स्वस्तात घेतली म्हणून कर स्वस्त होत नाही. बोलीआधी आपल्या आरटीओत मॉडेल आणि नोंदणीचं वर्ष सांगून आकडा काढून घ्या. दिल्लीत भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण ते पैसे येईपर्यंत बराच काळ जातो. मी ते हिशेबात धरत नाही.

बोलीवर जीएसटी वेगळा आहे का, तेही अटींमध्ये वाचा. किंमत दहा लाखांवर गेली तर १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने किमतीसोबतच वसूल करायचा कर, भरावा लागतो; तो पुढे प्राप्तिकरात वळता होतो.

बोलीचा दिवस

आधी अनामत रक्कम, म्हणजे ईएमडी, भरावी लागते. ती फक्त लिलाव कंपनीच्या किंवा बँकेच्या नावाच्या खात्यात, पोर्टलवरूनच भरा. कुणा 'मॅनेजर'च्या यूपीआयवर पाच हजारांचं टोकन मागितलं, किंवा बदली झालेला जवान घाईने गाडी विकतोय असं सांगितलं, तर तो लिलाव नाही, फसवणूक आहे. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा.

आपला शेवटचा आकडा कागदावर लिहून समोर ठेवा. सकाळी-सकाळी बोली वाढवण्यात अर्थ नसतो, खरी चढाओढ शेवटच्या काही मिनिटांत होते. आणि शेवटच्या क्षणी बोली आली की बहुतेक पोर्टलवर घड्याळ दोन-पाच मिनिटांनी पुढे सरकतं. हाच धोक्याचा काळ. दोन-दोन हजारांनी चढताना आपण पंचवीस हजार वर गेलो, हे कळतही नाही.

सर्वांत वरची बोली आपली असली तरी गाडी लगेच आपली होत नाही. बऱ्याच लिलावांत ती 'विक्रेत्याच्या मंजुरीवर' असते आणि बँक चार-आठ दिवसांनी नकार देऊ शकते. मंजुरी आल्यावर मात्र ठरलेल्या दिवसांत पूर्ण पैसे भरले नाहीत तर अनामत जप्त होते. तेव्हा पैसे हाताशी असतील तेव्हाच बोली लावा.

ताबा घेताना स्वतः जा

या एका दिवसाची रजा टाकाच. पावती, डिलिव्हरी ऑर्डर आणि गेटपास घेतल्यावर गाडी ओढून आणली त्या दिवशीची सामानाची यादी मागा. स्टेपनी, जॅक, बॅटरी, म्युझिक सिस्टीम असं सगळं त्यात लिहिलेलं असतं. यार्डातल्या मुक्कामात चांगली बॅटरी जाते आणि जुनी येते. यादीप्रमाणे नसेल तर गेटपासवर सही करण्याआधी लिहून घ्या. गेटच्या बाहेर पडल्यावर कुणी दाद देत नाही.

एक काम तिथेच उरका. पातळ कागद चेसिस नंबरवर ठेवून वरून पेन्सिल घासायची, आकडे पांढरे उमटतात. अशा सात-आठ प्रिंट घेऊन ठेवा. ना हरकतीपासून इकडच्या नोंदणीपर्यंत फॉर्मला त्या लागतात, आणि गाडी नाशिकला, फॉर्म दिल्लीत अशी वेळ आली की एका प्रिंटसाठी कुरिअरचे चार दिवस जातात.

आणायची कशी

ओढलेल्या गाडीचा विमा बहुधा संपलेला असतो. विमा नसताना गाडी रस्त्यावर काढणं बेकायदा तर आहेच, शिवाय कुणाला धडक बसली तर भरपाई आयुष्यभर फेडत बसावं लागेल. साडेबाराशे-तेराशे किलोमीटर, अनोळखी ब्रेकवर आणि पाच वर्षं जुन्या टायरवर चालवत आणू नका. कार कॅरिअरने आणा. भाड्यात प्रवासातल्या नुकसानीचा विमा आहे का ते लेखी घ्या, चढवताना चारही बाजूंचे आणि मीटरचे फोटो काढा, टाकीत थोडंच इंधन ठेवा आणि कागदपत्रं गाडीत ठेवू नका. काचेवरचा जुना फास्टॅग खरवडून काढा.

आरटीओ: दिल्ली आणि नाशिक

दिल्लीतलं काम आधी. बोजा उतरतो फॉर्म ३५ वर, ना हरकत मिळते फॉर्म २८ वर. ना हरकतीत कोणत्या आरटीओचं नाव टाकायचं, ते विक्रेत्याला स्पष्ट लिहून द्या. नाशिकचं एमएच १५, पण त्याच जिल्ह्यात मालेगावचं एमएच ४१ वेगळं आहे. चुकीचं नाव पडलं की कागद पुन्हा दिल्लीला.

मग आपल्याकडे हस्तांतरणाचे फॉर्म २९ आणि ३०, नव्या नंबरासाठी फॉर्म २७ आणि पत्त्यासाठी ३३. सोबत ना हरकत, मूळ आरसी, मूळ बिलाची प्रत, चालू विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा, पॅन, लिलावाची पावती. गाडी निरीक्षकाला दाखवावी लागते. सरकारी शुल्क शेकड्यांत असतं, मोठी रक्कम कराची. बाहेरच्या राज्याचा नंबर बारा महिन्यांपर्यंत चालतो, असं ऐकून पुष्कळ जण निवांत राहतात. ती कलम ४७ मधली सवलत तात्पुरत्या आलेल्या गाडीसाठी. विकत घेतलेल्या गाडीचं हस्तांतरण मात्र कलम ५० प्रमाणे घेणाऱ्याने तीस दिवसांत कळवायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की नोंदीत ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक. म्हणजे हस्तांतरण होईपर्यंत गाडी वापरली आणि अपघात झाला, तर ओझं त्या जुन्या मालकावर येतं, ज्याची गाडी आधीच गेलेली आहे. त्याच्या डोक्यावर ते टाकायचा आपल्याला हक्क नाही.

गाडी चालू विमा पॉलिसीसह मिळाली असेल तर हस्तांतरणानंतर चौदा दिवसांत विमा कंपनीला कळवा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे भरपाई न मागितल्याबद्दलची सूट, तुम्हाला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. पॉलिसी संपलेली असेल तर नवी देण्याआधी कंपनी गाडीची पाहणी करते.

नवा नंबर मिळाला की त्याच नंबराची उच्च सुरक्षा नंबरप्लेट आणि नवा फास्टॅग घ्या, पॉलिसीतही नंबर बदलून घ्या. आरसी हातात आल्यावर तीन गोष्टी लगेच वाचा: नावाचं स्पेलिंग, चेसिस नंबर आणि बोजाचा रकाना. त्या रकान्यात जुन्या बँकेचं नाव राहून गेलं असेल तर त्याच आठवड्यात अर्ज द्या, कारण सही करणारा बँकेतला माणूस बदलून गेला की नव्याला फाइल सापडण्यापासून सुरुवात करावी लागते.